जंतूंचा सिद्धान्त आणि शल्यवैद्यांचा विरोध : ग्लासगोपासून परळपर्यंत

आज रत्नागिरीतील एखाद्या लहानशा दवाखान्यात साधे गळू फोडावयाचे झाले तरी डॉक्टर प्रथम हात धुतात, हातमोजे चढवितात, निर्जंतुक केलेली हत्यारे काढतात आणि मगच रुग्णास स्पर्श करतात. हे पाहून कोणासही नवल वाटत नाही. परंतु ही रीत जगात रूढ होऊन जेमतेम सव्वाशे वर्षे झाली आहेत. ती रूढ होण्यापूर्वी तिला जो विरोध झाला तो अडाणी माणसांनी केलेला नव्हता. त्या काळचे नामांकित शल्यवैद्य, प्राध्यापक आणि सरकारी वैद्यकीय अधिकारी या विरोधात आघाडीवर होते. या विद्वानांना हात धुण्याचे वावडे का असावे, असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर वरवर दिसते तितके सोपे नाही, आणि त्या कथेचा शेवटचा अंक आपल्या मुंबईत, परळ येथे घडलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील रुग्णालय डोळ्यांसमोर आणले पाहिजे. १८४७ साली एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला आणि शस्त्रक्रियेतील वेदना संपल्या. वेदना संपल्यामुळे शस्त्रक्रिया वाढल्या, आणि शस्त्रक्रिया वाढल्यामुळे नंतरचे मृत्यूही वाढले. रुग्ण टेबलावर मरत नसे. तो आठ-दहा दिवसांनी खाटेवर, जखम सडून, तापाने मरे. शल्यवैद्य शवविच्छेदन आटोपून तसेच शस्त्रक्रियेस येत. अंगात एक जुना काळा कोट असे. त्यावर रक्तापुवाचे थर वाळून तो कडक झाला, म्हणजे तो अनुभवी हाताचा दाखला समजला जाई. जखमेत घट्ट पांढरा पू धरला तर वैद्य समाधान मानीत. तो ‘चांगला पू’, जखम भरून येण्याची खूण. दोन हजार वर्षांची ही समजूत होती. पू हाच रोग आहे असे सांगणारा माणूस त्यांच्या दृष्टीने उलटी गंगा वाहवीत होता.

सूक्ष्म जंतू असतात ही गोष्ट मात्र तोवर नवी राहिलेली नव्हती. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी आंतोनी लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. कापडाची वीण आणि सुताचा कस पाहण्यासाठी त्या धंद्यात भिंग वापरीत. लेव्हेनहूक यास भिंगे घासण्याचा नाद लागला, आणि १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्र लिहून पाण्याच्या थेंबात आपल्याला असंख्य सूक्ष्म प्राणी दिसल्याचे कळविले. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या दुकानदाराने जंतुसृष्टीचे दार उघडले. पण हे प्राणी माणसास आजारी पाडतात असे त्यास वाटले नाही, आणि पुढील पावणेदोनशे वर्षे जगातील बहुतेक विद्वानांसही वाटले नाही. येथे एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे होईल. जैन परंपरेत सूक्ष्म जीवांचा विचार फार प्राचीन आहे आणि पाणी गाळून, उकळून पिण्याची शिस्त समाजाने शतकानुशतके पाळली. त्या शिस्तीचा आरोग्यास लाभ झाला हे निःसंशय. परंतु तिचा हेतू जीवदयेचा आणि संयमाचा होता. रोग टाळणे हा नव्हता. ‘जंतुशास्त्र आमच्याकडे आधीच होते’ असा दावा केला तर परंपरेचाही मान राहत नाही आणि इतिहासाचाही.

विरोधाचा पहिला मोठा बळी इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरियन डॉक्टर. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरात ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, सुइणींच्या विभागात तिघीही नाहीत. एकच इमारत, एकच हवा, एकच आहार. गरीब स्त्रियांना हा फरक ठाऊक होता. डॉक्टरांच्या विभागात जावे लागू नये म्हणून त्या गयावया करीत. मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइसचे स्नेही प्राध्यापक कोलेत्श्का यांना शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीची जखम झाली आणि ते बाळंतज्वरासारख्याच लक्षणांनी वारले. सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. मृतदेहांचे विष डॉक्टरांच्या बोटांना लागून बाळंतिणीच्या शरीरात जात होते. सुइणी शवविच्छेदन करीत नव्हत्या. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा १८.३ होते, जूनमध्ये ते २.२ आणि जुलैमध्ये १.२ वर आले.

रुग्णालयाच्या वहीतील आकडे इतके बोलके असताना वाद उरावयास नको होता, असे आज वाटते. तरीही तो उरला. हात धुवा म्हणणे एक, आणि ‘आजवर ज्या बाळंतिणी मेल्या त्या तुमच्या हातांनी मेल्या’ म्हणणे दुसरे. सेमेलवाइसचे सांगणे मान्य करावयाचे तर प्रत्येक प्राध्यापकास आपल्या गतायुष्याकडे खुनाच्या नजरेने पाहावे लागले असते. कील येथील प्राध्यापक मिखाएलिस यांनी ते मान्य केले. त्यांच्या नात्यातील एक तरुणी त्यांनीच केलेल्या बाळंतपणानंतर वारली होती. हा आघात त्यांना सोसला नाही. १८४८ साली त्यांनी आत्महत्या केली. बाकीच्यांनी मान्य न करण्याचा सोपा मार्ग पत्करला. सेमेलवाइसचीही चूक झाली. त्याने आपले पुस्तक १८६१ पर्यंत लिहिलेच नाही, आणि लिहिल्यानंतर विरोधकांना उघड पत्रांतून खुनी म्हणून शिव्या घातल्या. सत्य सांगण्याचीही एक रीत असते, ती त्यास साधली नाही. १३ ऑगस्ट १८६५ रोजी व्हिएन्नाच्या वेड्यांच्या रुग्णालयात तो मरण पावला, आणि तोही जखम सडून.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या रुग्णालयात जेम्स ग्रीनलीज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आणण्यात आला. गाडीचे चाक पायावरून जाऊन हाड मोडले होते आणि कातडी फाटली होती. अशा मोडीत पाय कापणे हाच त्या काळचा उपाय; न कापल्यास बहुधा मृत्यू. तेथील प्राध्यापक जोसेफ लिस्टर यांनी पाय कापला नाही. कार्बोलिक ॲसिडात भिजविलेल्या कापडाने जखम झाकली आणि वाट पाहिली. पू धरला नाही. सहा आठवड्यांनी हाड सांधले गेले आणि मुलगा चालत घरी गेला.

लिस्टर हे मद्याच्या एका व्यापाऱ्याचे चिरंजीव. मात्र वडिलांनी धंदा सांभाळून सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत मोठी सुधारणा केली होती, त्यामुळे घरातच ती दृष्टी होती. ग्लासगोचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अँडरसन यांनी त्यांचे लक्ष फ्रान्सच्या पाश्चर यांच्या संशोधनाकडे वेधले. दूध किंवा मांसाचा रस हवेने नासत नसून हवेतील जंतूंमुळे नासतो, हे पाश्चर यांनी दाखविले होते. जखमही तशीच नासत असेल, असे लिस्टर यांच्या मनाने घेतले. पाश्चर यांचा उकळण्याचा उपाय माणसाच्या मांसावर चालणार नव्हता. म्हणून जंतू मारणारे रसायन हवे होते. कार्लाइल गावी गटाराच्या घाणीची दुर्गंधी घालविण्यासाठी कार्बोलिक वापरतात हे त्यांनी ऐकले होते. १८६७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी हिशेबही मांडला: नव्या पद्धतीपूर्वी हातपाय कापण्याच्या ३५ शस्त्रक्रियांत १६ मृत्यू, नंतरच्या ४० शस्त्रक्रियांत ६.

एवढे झाल्यावरही ब्रिटनमधील बहुसंख्य शल्यवैद्य दहा-पंधरा वर्षे डोलले नाहीत. त्यांना हट्टी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. पहिली गोष्ट, जखमेतील जंतू कोणी दाखविलेच नव्हते. कोणता जंतू कोणत्या सडण्यास कारण, हे रॉबर्ट कॉख यांनी १८७८ साली दाखविले. १८६७ साली लिस्टर यांच्या हाती केवळ अनुमान होते. दुसरी गोष्ट, जुनी उपपत्ती निरुपयोगी नव्हती. रोग दूषित हवेने होतात या समजुतीवर खोल्या धुतल्या, खिडक्या उघडल्या, खाटा दूर ठेवल्या की मृत्यू खरोखरच कमी होत. ज्या समजुतीने काम भागते ती माणूस का सोडील? बर्मिंगहॅमचे लॉसन टेट जंतूंची टिंगल करीत आणि कार्बोलिक वापरीत नसत. परंतु उकळलेले पाणी आणि साबण यांचा इतका काटेकोर वापर करीत की पोटाच्या शस्त्रक्रियांत त्यांचे यश अनेकांहून अधिक होते. लिस्टर यांच्या विरोधकांना टेट यांच्याकडे बोट दाखविता येई.

तिसरे कारण असे की, पद्धत स्वतःच स्थिर नव्हती आणि अतिशय कटकटीची होती. आधी कार्बोलिकचा लेप, मग खडूच्या भुकटीची लुकणी, मग लाखेचा पट्टा, मग जाळीदार कापड. शेवटी हे कापड ठरले तेही साधे नव्हते. विरळ विणीच्या सुती कापडास कार्बोलिक, राळ आणि पॅराफिन मेण यांचे मिश्रण मुरवावयाचे, त्याच्या आठ घड्या जखमेवर घालावयाच्या आणि सातव्या व आठव्या घडीमध्ये रबराचा लेप दिलेले जलाभेद्य कापड बसवावयाचे, म्हणजे स्राव सरळ बाहेर न येता लांबून फिरून येईल. या कापडाचा खर्च, ते मुरविण्याची मेहनत आणि पट्टी बदलण्यास लागणारा वेळ यांचा हिशेब मांडला, तर धर्मादाय रुग्णालयाचे विश्वस्त का कुरकुरत असतील हे ध्यानी येते. १८७१ पासून तर लिस्टर यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा मारण्यास सुरुवात केली. त्याने वैद्यांची कातडी पांढरी पडून सोलली जाई, डोळे चुरचुरत, श्वास कोंडे. एखाद्याने ही पद्धत करून पाहिली, मधली एखादी पायरी गाळली, रुग्ण दगावला, की तो म्हणे, ‘पाहा, काही उपयोग नाही.’ आणि लिस्टर म्हणत, ‘तुम्ही ती नीट केली नाही.’ दोघांचेही खरे होते. फवाऱ्याचे तर पुढे उलटेच झाले. हवेतील जंतूंपेक्षा हातांवरचे आणि हत्यारांवरचे जंतू अधिक घातक, हे कळल्यावर १८८७ साली लिस्टर यांनी फवारा बंद केला आणि १८९० साली बर्लिनच्या परिषदेत आपण तो वापरला याची लाज वाटते असे जाहीरपणे सांगितले. नावाजलेल्या माणसाने भरसभेत अशी कबुली देणे ही दुर्मिळ गोष्ट होय.

मानापमानही होताच. क्लोरोफॉर्मचे सिम्प्सन यांनी रुग्णालयातील मृत्यूंवर स्वतःचा वेगळा तोडगा काढला होता, आणि लिस्टर यांची कल्पना मूळची एका फ्रेंच माणसाची आहे असा आरोप त्यांनी केला. वीस वर्षांपूर्वी ज्याने नव्या गोष्टीसाठी स्वतः टीका सोसली, तोच नव्या गोष्टीचा वैरी झाला. उलट जर्मनांनी ही पद्धत लवकर उचलली. हॅले येथील फोल्कमान यांच्या रुग्णालयात जखमा सडण्याने इतका कहर माजला होता की ते बंद करण्याचा विचार चालला होता. ज्याचे घर जळत असते तो पाणी कोणाच्या विहिरीचे हे विचारीत नाही. लंडनच्या सुस्थितीतील शल्यवैद्यांना ती निकड नव्हती.

अमेरिकेत विरोध अधिक लांबला, आणि तेथे एका मराठी नावाशी या इतिहासाची गाठ पडते. १८७६ साली लिस्टर स्वतः फिलाडेल्फियास गेले आणि वैद्यक परिषदेत त्यांनी आपले मत मांडले. स्वागत झाले, परंतु सॅम्युएल ग्रॉस यांच्यासारख्या ज्येष्ठांनी कार्बोलिकवर विश्वास नसल्याचे लिहून ठेवले. जुलै १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळीने लगेच मृत्यू आला नसता. परंतु एकामागून एक डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि सळ्या जखमेत घालून गोळी शोधली आणि अडीच महिन्यांनी राष्ट्राध्यक्ष वारले. फिलाडेल्फियाचे चित्रकार टॉमस ईकिन्स यांची दोन चित्रे प्रसिद्ध आहेत. १८७५ च्या चित्रात ग्रॉस काळ्या कोटात, रक्ताळलेल्या उघड्या हाताने उभे आहेत. १८८९ च्या चित्रात डॉक्टर अ‍ॅग्न्यू आणि त्यांचे सहायक पांढऱ्या कपड्यांत आहेत. या दोन चित्रांमधील काळात, १८८३ ते १८८६, कल्याणच्या डॉक्टर आनंदीबाई जोशी त्याच फिलाडेल्फियात वैद्यक शिकत होत्या. जुना कोट उतरून नवा चढत असतानाचा तो काळ होता. परत आल्यावर फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या पुण्यास क्षयाने वारल्या. क्षयाचा जंतू कॉख यांनी पाचच वर्षांपूर्वी दाखविला होता. त्यावर औषध यावयास आणखी जवळजवळ साठ वर्षे लागणार होती.

हिंदुस्थानात हा वाद शस्त्रक्रियेच्या टेबलापेक्षा साथीच्या रोगांवरून अधिक पेटला. १८८३ च्या डिसेंबरात कॉख कलकत्त्यास आले आणि तेथील रुग्णांत व तळ्याच्या पाण्यात त्यांना पटकीचा जंतू सापडला. सरकारचे आरोग्य आयुक्त कनिंगहॅम यांचा या गोष्टीवर मुळीच विश्वास नव्हता, आणि ब्रिटनने लगोलग पाठविलेल्या क्लाइन व गिब्स यांच्या समितीनेही कॉख यांचे म्हणणे नाकारले. येथे वैद्यकाच्या जोडीला व्यापारही उभा होता. पटकी जंतूने पसरते म्हटले की हिंदुस्थानातून निघालेली जहाजे सुएझ कालव्यात अडविणे योग्य ठरते. ती हवेने उद्भवते म्हटले की जहाजे अडविण्यात अर्थ उरत नाही. कोणता सिद्धान्त सोयीचा होता हे सांगावयास नको. मुंबईत मात्र ग्रँट मेडिकल कॉलेजचे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८७७ च्या दुष्काळात उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात वळणदार जंतू पाहिले आणि त्यावर ग्रंथ लिहिला. ‘ग्रे’ यांच्या शरीरशास्त्राच्या जगप्रसिद्ध पुस्तकातील चित्रे काढणारे कार्टर ते हेच. काही वर्षे ते साताऱ्यासही सिव्हिल सर्जन होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक संनिपाताचा, म्हणजे प्लेगचा, रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांची पेठ. कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांची, त्यात जैनांचीही, मोठी वस्ती. सव्वाआठ लाखांच्या शहरातून काही महिन्यांत जवळपास निम्मी माणसे पळाली. गिरण्यांत राबणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा मोठा. ती माणसे आगबोटींनी आणि शिडाच्या गलबतांनी कोकणच्या बंदरांवर उतरू लागली, आणि बंदरोबंदरी प्रवाशांची तपासणी सुरू झाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. मुंबईची गटारे आणि घरे कार्बोलिकच्या पाण्याने धुण्यात आली. तीस वर्षांपूर्वी ज्याची थट्टा झाली होती ते रसायन आता सरकारी उपाय झाले होते. प्लेगवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण जंतू गटारात नव्हता. तो उंदरात आणि उंदरावरच्या पिसवेत होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत हे प्रयोगाने दाखविले. सरकारी प्लेग आयोगाने त्याचे म्हणणे विचारात घेण्यासारखे नाही असे ठरविले, आणि १९०५ नंतर परळच्याच प्रयोगशाळेत ते खरे ठरले. उंदीर मारण्याच्या मोहिमेस जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांचा विरोध होता याची टीका त्या काळी पुष्कळ झाली. परंतु उंदराचा संबंध तज्ज्ञांच्या आयोगासच जेथे पटत नव्हता, तेथे पेढीवरच्या माणसास दोष किती द्यावा?

ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. ओडेसात जन्मलेले ज्यू, पाश्चर संस्थेत काम केलेले. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते, आणि ही गोष्ट सरकारी वैद्यकीय खात्यातील अधिकारी कधीच विसरले नाहीत. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगची लस बनविली. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्या थेंबांखाली जंतू लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारून लस तयार होई. (शाकाहारी कुटुंबांना या रसाची शिसारी वाटणे स्वाभाविक होते, त्यांची भीती केवळ सुईची नव्हती.) १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेल्या आणि न टोचलेल्या कैद्यांची तुलना झाली आणि लस उपयोगी ठरली. आगाखान यांनी स्वतः टोचून घेतल्यामुळे हजारो खोजांनी ती घेतली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले.

पुढे जे घडले ते लिस्टर यांच्या कथेचेच उलटे प्रतिबिंब होय. लस दूषित होऊ नये म्हणून तिच्यात थोडे कार्बोलिक घालीत. १९०२ साली पंजाबातून लाखो मात्रांची मागणी आली. काम त्वरेने व्हावे म्हणून हाफकिन यांनी नवी रीत स्वीकारली: कार्बोलिक वगळले आणि केवळ उष्णतेच्या काटेकोर निर्जंतुकीकरणावर भिस्त ठेवली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हीच प्रथा होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एका बाटलीतून, क्रमांक ५३-एन, टोचलेल्या सर्व १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे दगावले. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्या कोणासही काही झाले नाही.

चौकशी समिती नेमली गेली. मुंबईच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स अध्यक्ष आणि दोन लष्करी वैद्यकीय अधिकारी सभासद. समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला: बाटली तेथेच दूषित झाली असली पाहिजे, आणि कार्बोलिक वगळणे ही मोठी चूक. हाफकिन यांच्याकडून प्रयोगशाळा काढून घेण्यात आली आणि १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले. परंतु साक्षीत एक लहानशी गोष्ट नोंदली गेली होती. मुलकोवालला ती बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढण्यात आले. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. त्याची बीजे पातळ कार्बोलिकात तासन्‌तास जिवंत राहतात. शिवाय बाटली भरून एक्केचाळीस दिवस झाले होते. इतके दिवस आत जंतू वाढत असते तर तिला घाण वास यावयास हवा होता, आणि टोचणाऱ्या डॉक्टरास तसा वास आला नव्हता.

ज्या वैद्यकीय खात्याने पटकीचा जंतू नाकारला होता, त्याच खात्याच्या अधिकाऱ्यांनी आता कार्बोलिकची बाटली नाही म्हणून एका जंतुशास्त्रज्ञास दोषी ठरविले. त्यांनी लिस्टर यांचे रसायन स्वीकारले होते. मागचा विचार स्वीकारला होता की नाही, याची शंका येते. एकोणीस माणसे गेली होती आणि त्यांच्या घरच्यांना उत्तर हवे होते, हे खरे. पण जे उत्तर दिले गेले ते सोयीचे होते. ते परळवर ठेवले की पंजाबातील कामाकडे कोणी पाहणार नव्हते.

दाद मिळावयास पाच वर्षे लागली. डॉक्टर विल्यम सिम्प्सन यांनी साक्षीपुराव्याची छाननी करून तो पुन्हा मांडला. जुलै १९०७ मध्ये मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून आरोप खोटा ठरल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरी देऊ केली. ते परत आले, पण परळला नव्हे. त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली. तेथून ते निवृत्त होऊन युरोपात गेले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले, आणि १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. परळचे ते जुने गव्हर्नमेंट हाउस आजही हाफकिन संस्थेच्या आवारात उभे आहे.